गळतीचे फोटो मेल करण्याआधी

पार्ले पूर्वेला आमची चार माळ्यांची जुनी इमारत आहे आणि मी तिची सेक्रेटरी. मुंबईत जून ते सप्टेंबर या पदावरच्या माणसाचं निम्मं काम एकच असतं: ओल, पोपडे आणि भेगा यांचे फोटो सभासदांकडून गोळा करायचे आणि पुढे पाठवायचे. कधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला, कधी कंत्राटदाराला, कधी विम्याच्या माणसाला, तर कधी वॉर्ड ऑफिसला. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना फोटोंपासून सुटका नाही.

"मॅडम, मेल जातच नाहीये" हे वाक्य पावसाळ्यात मला जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यासमोर, कुठेही ऐकू येतं. म्हणून फोटो हलके कसे करायचे ते एकदाच सविस्तर लिहून काढते आहे. आमच्या सभासदांसाठी लिहिलं असलं तरी ज्याला कुणाला घरबसल्या चार फोटो मेलने पाठवायचे आहेत त्या प्रत्येकाला उपयोगी पडावं.

जड म्हणजे नेमकं किती

हल्लीच्या साध्या फोनचा फोटो 12 मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे 4000 गुणिले 3000, एकूण 1 कोटी 20 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 3 बाइट लागतात, म्हणजे खरं तर एक फोटो 36 एमबीचा व्हायला हवा. फोन तो जेपीजी या प्रकारात दाबून साधारण 3 ते 5 एमबीवर आणतो. चार धरू. एका भिंतीचे सहा फोटो काढले की झाले 24 एमबी. जीमेलची जोडपत्रांची मर्यादा 25 एमबी आहे. त्याच्या वर गेलात की जीमेल फोटो जोडत नाही, ते ड्राइव्हवर चढवून त्यांची लिंक पाठवतं. ती लिंक समोरच्याच्या ऑफिसात उघडेलच असं नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. ईमेलची व्यवस्था मुळात मजकुरासाठी बनली. फोटोसारखी वस्तू त्यातून पाठवायची तर तिचं रूपांतर अक्षरांत करावं लागतं. या रूपांतरात दर 3 बाइटांची 4 अक्षरं होतात, म्हणजे वाटेत मेल एक तृतीयांशाने फुगतो. त्यामुळे एखाद्या ऑफिसच्या सर्व्हरवर 10 एमबीची मर्यादा असेल, तर तुमच्या फोटोंची बेरीज 7 एमबीच्या आसपास गेली की मेल परत येणार. "माझ्याकडे तर 8 एमबीच दाखवतंय" असं म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

शिवाय वेळ. अपलोडला 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट, म्हणजे पाव एमबी) मिळत असेल, तर हे 24 एमबी फुगवट्यासकट जायला दोन मिनिटांच्या वर लागतात. तेच सहा फोटो प्रत्येकी 400 केबीचे केले तर बारा-तेरा सेकंदांत जातात. घरच्या वायफायवर हा फरक जाणवत नाही. पण गणपतीच्या दिवसांत लालबागच्या गर्दीत किंवा संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभं राहून मेल पाठवून बघा.

आणि घेणाऱ्याचं काय? गुगलच्या फुकट खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून 15 जीबी जागा असते. सोसायटीचं खातं म्हणजे गच्चीवरची सामाईक टाकी. इमारतीत 40 बिऱ्हाडं असतील आणि प्रत्येकाने एकदाच सहा फोटो जसेच्या तसे पाठवले, तरी जवळपास 1 जीबी गेला. खातं भरलं की नवे मेल येणंच बंद होतं, मग मेन्टेनन्सची पावती मागणाऱ्यांचेही मेल परत जातात.

आधी फोटो नीट काढा

फोटो लहान करण्याबद्दल सगळे बोलतात, पण आमच्या कामात त्याआधीची पायरी जास्त महत्त्वाची आहे. फोटो लहान करताना जे टाकून दिलं जातं ते असतं बारीक तपशील. वाढदिवसाच्या फोटोत मागच्या पडद्यावरची बुट्टी गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. भेगेच्या फोटोत बारीक तपशील म्हणजेच भेग.

हिशेब करून बघा. तुम्ही लांब उभे राहून 1 मीटर रुंदीची भिंत 4000 ठिपक्यांत पकडली, तर 1 मिलिमीटरला 4 ठिपके येतात. केसासारखी बारीक भेग, समजा 0.3 मिलिमीटर रुंद, तिच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका आला. आता हा फोटो मेलसाठी 1600 ठिपके रुंद केला की त्या भेगेला अर्धा ठिपका उरतो. म्हणजे ती पुसली गेली किंवा फिकट सावली होऊन राहिली. मग इंजिनिअर उत्तर पाठवतात, "फोटोत काही दिसत नाही, साइट व्हिजिट करावी लागेल", आणि व्हिजिटचे पैसे वेगळे.

त्याऐवजी जवळ जा. फ्रेममध्ये फक्त 20 सेंटिमीटरचा तुकडा येईल इतकं जवळ. आता 1 मिलिमीटरला 20 ठिपके आहेत. फोटो 1600 वर आणला तरी 8 ठिपके उरतात आणि 0.3 मिलिमीटरच्या भेगेला दोनाच्या वर मिळतात. ती स्वच्छ दिसते, आणि फाइल मात्र त्या लांबून काढलेल्या फोटोइतकीच हलकी.

म्हणून माझी सभासदांना विनंती असते की दोन प्रकारचे फोटो काढा. एक लांबून, पूर्ण भिंत किंवा पूर्ण स्लॅब दिसेल असा, फक्त जागा कळावी म्हणून. त्यात खिडकी, दार, बीम असं काहीतरी ओळखीचं येऊ द्या. आणि मग जिथे भेग, गंजाचा डाग किंवा उघडी पडलेली सळई आहे तिथले दोन-तीन जवळून. जवळच्या फोटोत शाळेची मोजपट्टी भिंतीला टेकवून धरा. मोजपट्टी नसेल तर 10 रुपयांचं नाणं चालेल, ते 27 मिलिमीटरचं असतं आणि इंजिनिअरला त्यावरून माप काढता येतं. पेनाचं टोपण धरू नका, प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळ्या लांबीचं.

दिवा लावा. हे फोटो हमखास बाथरूमच्या छताचे, डक्टचे, पॅसेजच्या कोपऱ्याचे असतात आणि पावसाळी दुपारी तिथे मिट्ट काळोख. अंधारात फोनचा कॅमेरा फोटोत दाणे पाडतो. ते दाणे म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने तपशीलच, त्यामुळे ते साठवायला जागा लागते. उजेडातला फोटो स्पष्ट तर येतोच, वर फाइलही लहान होते. ट्यूबलाइट लावून फोटो काढणं ही फाइल हलकी करण्याची सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. दुसऱ्या माणसाने बाजूने टॉर्च धरला तर फुगलेलं प्लास्टरही सावलीमुळे उठून दिसतं. आणि लेन्स पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनवर तेलाचा पापुद्रा असतोच.

तुमच्या फोनच्या जाहिरातीत 50, 108 किंवा 200 मेगापिक्सेल असं लिहिलेलं असेल. कॅमेऱ्यातला तो मोठा आकडा सुरू असेल तर बंद करा. त्या मोडमध्ये एकेक फोटो 10 एमबीच्या पुढे सहज जातो. आपोआप मिळणारा 12 मेगापिक्सेलच्या आसपासचा मोड भिंतीसाठी पुरून उरतो.

किती लहान करायचं

माझं माप ठरलेलं आहे: लांब बाजू 1600 ठिपके, क्वालिटी (जेपीजी किती दाबायचा याचा 100 पर्यंतचा आकडा) 80. असा फोटो बहुधा 300 ते 600 केबीच्या दरम्यान बसतो. साधा फुल एचडी स्क्रीन 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचा असतो, त्यामुळे समोरच्याला फोटो जवळजवळ पूर्ण पडदाभर दिसतो. 4000 वरून 1600 वर आलात की लांबीरुंदी 40 टक्के होते, पण ठिपके मात्र 1 कोटी 20 लाखांवरून 19 लाख 20 हजारांवर येतात, म्हणजे फक्त 16 टक्के. खरी बचत इथे आहे.

बरेच जण उलटं करतात. ठिपके तेवढेच ठेवतात आणि क्वालिटीचा काटा 30 वर नेतात. फाइल लहान होते, पण फोटोचा चुथडा होतो. का होतो ते सांगते. जेपीजी फोटोला 8 गुणिले 8 ठिपक्यांच्या चौकटींत कापतं आणि प्रत्येक चौकटीतली हळूहळू बदलणारी छटा जपून झपाट्याने बदलणारे बारकावे आधी कमी करतं. आपले डोळे असे बारकावे फारसे टिपत नाहीत, म्हणून एरवी ही चोरी पकडली जात नाही. यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरात जन्मलेल्या नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये मांडलं. जेपीजीचं प्रमाण त्यानंतर 1992 मध्ये आलं. जगभरच्या फोटोंचं ओझं हलकं करणाऱ्या या शोधात तीन भारतीय नावं आहेत, याचं मला अप्रूप वाटतं.

तर, क्वालिटी 80 वर हे कापणं डोळ्याला कळत नाही. 60 च्या खाली गेलात की भेगेच्या कडेने चौकोनी ठिगळं दिसायला लागतात आणि भेग कुठे संपते ते सांगता येत नाही. 100 वरही ठेवू नका, फाइल कितीतरी पटींनी वाढते आणि दिसायला फरक शून्य.

एक अपवाद. फोटो कागदावर छापायचा असेल, सभागृहातल्या फ्रेमसाठी किंवा वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी, तर हे माप विसरा. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे 1600 ठिपक्यांत तुम्हाला सव्वापाच इंचच मिळतात. छापखान्याला मूळ फाइलच द्या.

फोनवरून

आयफोनवाल्यांचं काम सोपं आहे. फोटोंच्या ॲपमधून शेअर करून ॲपलचंच मेल ॲप निवडा. फोटो जड असले तर ते स्वतःच विचारतं: स्मॉल, मीडियम, लार्ज की ॲक्चुअल साइझ, आणि प्रत्येकासमोर एमबीही दाखवतं. भेगांसाठी लार्ज घ्या, लांबून काढलेल्या फोटोंना मीडियम पुरे. जीमेलच्या ॲपमधून पाठवलंत तर मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही, फोटो मूळ वजनानेच जातो.

आयफोनचा दुसरा घोळ म्हणजे हेइक. 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन फोटो या प्रकारात साठवतो. फाइल जेपीजीपेक्षा बरीच लहान असते, पण कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या जुन्या विंडोज कंप्युटरवर ती उघडत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात मोस्ट कंपॅटिबल निवडलंत की पुढचे फोटो जेपीजीत येतील. आधी काढलेले तसेच राहतात.

अँड्रॉइडवर सरसकट सांगता येईल असा एक रस्ता नाही, कंपनीगणिक गॅलरी वेगळी. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत फोटो एडिटला घेऊन तीन टिंबं दाबली की रिसाइझ सापडतं. बाकी फोनांवर मी स्क्वूश सुचवते. ही गुगलच्या क्रोम टीमने बनवलेली वेबसाइट आहे. ती फोनच्याच ब्राउझरमध्ये काम करते आणि फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. रिसाइझ चालू करून रुंदी 1600 टाका, खाली मोझजेपीजी (जेपीजीच, फक्त दाबायची पद्धत वेगळी) निवडून क्वालिटी 80 च्या आसपास ठेवा. मधल्या रेघेच्या एका बाजूला मूळ फोटो आणि दुसऱ्या बाजूला नवा दिसतो. रेघ भेगेवर आणून ठेवा, काय गमावतोय ते तिथल्या तिथे कळतं. एका वेळी एकच फोटो होतो, ही गैरसोय. प्ले स्टोअरवर फोटो लहान करणाऱ्या ॲप्सचा सुकाळ आहे, पण त्यांतली बरीचशी दर फोटोमागे जाहिरात दाखवतात आणि कॉन्टॅक्ट्ससुद्धा मागतात. फोटो लहान करायला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? असं ॲप लगेच काढून टाकावं.

आमच्या दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंची युक्ती याहून झटपट. त्या फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात आणि तिथून आलेली हलकी प्रत मेलला जोडतात. एचडी न निवडता पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप स्वतःच लहान करतं, बहुधा 200-300 केबीपर्यंत. लांबून काढलेल्या फोटोंसाठी हे उत्तम, मीही करते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. किती लहान करायचं ते तुमच्या हातात राहत नाही. आणि फोटोच्या आत दडलेली तारीख-वेळ पुसली जाते. विम्याच्या दाव्यात "हे नुकसान कधीचं" असा प्रश्न आला की तीच तारीख कामाला येते. त्यामुळे पुरावा म्हणून लागतील ते फोटो या वाटेने नेऊ नका.

कंप्युटरवरून

एकदोनच फोटो असतील तर विंडोजमधलं साधं पेंट पुरतं. फोटो उघडा, कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा, टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडा. आडव्या फोटोला हॉरिझॉन्टलमध्ये आणि उभ्या फोटोला व्हर्टिकलमध्ये 1600 टाका. प्रमाण राखण्याची खूण चालू असू द्या, नाहीतर भिंत चेपलेली दिसेल. मग सेव्ह ॲज करून जेपीजी, नव्या नावाने. मूळ फाइलवर सेव्ह करायचं नाही, हे मी सभेतही सांगते आणि इतिवृत्तातही लिहिते. लहान केलेला फोटो परत मोठा करता येत नाही, आणि जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून फेरफार करून सेव्ह केला की दरवेळी थोडा थोडा झिजतो.

फोटो ढीगभर असतील तर दोन पर्याय. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. ते टाकलं की फोटोंवर राइट क्लिक करून इमेज रिसायझर निवडायचा. तयार मापं आहेत, त्यात लार्ज म्हणजे 1920 गुणिले 1080. ते आपल्या मापाच्या जवळचं आहे, चालेल. नवे फोटो त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने पडतात, मूळ शाबूत.

मी स्वतः वापरते ते इरफानव्ह्यू. बोस्नियात जन्मलेल्या इरफान स्किल्यान यांनी ते 1996 मध्ये आणलं, आणि घरगुती वापराला अजूनही फुकट आहे. दिसायला जुनाट, पण पावसाळ्याच्या कामाला याच्यासारखं दुसरं नाही. फाइल मेनूत बॅच कन्व्हर्जन उघडा आणि फोटो उजवीकडून यादीत ओढा. आउटपुट फॉरमॅट जेपीजी करा. शेजारच्या ऑप्शन्समध्ये क्वालिटी 80 ठेवा आणि मूळ एक्झिफ (फोटोच्या आत दडलेली) माहिती जपण्याची खूण चालू करा, म्हणजे तारीख टिकते. मग ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन रिसाइझला खूण करा, लाँग साइड 1600 लिहा. लाँग साइड निवडल्यामुळे उभे-आडवे फोटो वेगळे करत बसावं लागत नाही. तिथेच लहान फोटो मोठे न करण्याचीही खूण असते, तीही करा, नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो उगाच फुगतील. शेवटी नवा फोल्डर दाखवून स्टार्ट बॅच दाबा. पन्नास फोटो असले तरी चहा गाळेपर्यंत होतात.

मॅक असेल तर प्रीव्ह्यूमध्ये टूल्स आणि त्यात ॲडजस्ट साइझ. क्वालिटीचा काटा एक्सपोर्टमध्ये मिळतो.

ज्याने काही होत नाही, अशा खटपटी

फोटो झिप करून पाठवणं. जेपीजी आधीच दाबलेला असतो, झिप त्यातून जवळपास काहीच काढू शकत नाही. उलट समोरच्याला फोनवर ती उघडण्याचा ताप.

डीपीआय 300 वरून 72 करणं. आमच्या इथे एका फोटोवाल्याने कुणाला तरी हे सांगितलं आणि ते सगळ्या इमारतीत पसरलं. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे याची चिठ्ठी. ठिपके तेवढेच ठेवून चिठ्ठी बदलली तर फाइल एका केबीनेही कमी होत नाही.

वर्डमध्ये फोटो चिकटवणं. ही तर साथच आहे. कोपरा धरून फोटो लहान केला की तो पानावर लहान दिसतो, पण आत मूळ ठिपके तसेच बसलेले असतात. 15 एमबीची वर्ड फाइल येते आणि इंजिनिअरला त्यातून फोटो बाहेर काढत बसावं लागतं. वर्डच हवं असेल तर फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स निवडा आणि 150 पीपीआय (इंचाला 150 ठिपके) ठेवा, इथे जादाचे ठिपके खरोखर काढले जातात. फक्त याच फोटोपुरतं अशी खूण असेल ती काढा, म्हणजे सगळ्या फोटोंना लागू होईल. ईमेल म्हणून 96 पीपीआयचाही पर्याय दिसतो, भेगांसाठी तो घेऊ नका.

फोटो पीएनजीत सेव्ह करणं. पीएनजी स्क्रीनशॉटला आणि अक्षरांना छान. भिंतीच्या फोटोला लावलं तर फाइल काही पटींनी वाढते.

बिलं आणि पत्रं यांचे तर फोटोच काढू नका. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये अधिकची खूण दाबून स्कॅन निवडा. कागद सरळ होतो, सावली जाते आणि सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये येतात.

मेल पाठवताना

फायलींची नावं बदला. कॅमेऱ्याने दिलेल्या लांबलचक आकड्यांवरून कुणाला काही समजत नाही. "302-बाथरूम-छत-जवळून" असं नाव असलं की पुढे मला शोधता येतं आणि इंजिनिअरच्या अहवालातही तेच नाव येतं. मेलच्या विषयात फ्लॅट नंबर, जागा आणि तारीख लिहा. नुसतं "लीकेज" लिहिलेले मेल माझ्याकडे इतके आहेत की त्यातला तुमचा कुठला ते शोधायला मला अर्धा दिवस लागेल.

एका मेलमध्ये सहापेक्षा जास्त फोटो नकोत. एकाच भेगेचे आठ फोटो पाठवून त्यातला बरा निवडण्याचं काम माझ्यावर सोपवू नका, ते तुमच्या घरी दोन मिनिटांत होतं. समितीला कळवायचं असेल तर आधीच्या मेलवर रिप्लाय करा, फॉरवर्ड करू नका. जीमेलमध्ये रिप्लाय केला की जोडलेले फोटो पुन्हा जात नाहीत, फॉरवर्डमध्ये जातात. तेच 20 एमबी समितीतल्या प्रत्येकाच्या खात्यात पुन्हा जाऊन बसतात.

फोटोत जागेचा पत्ता दडलेला असतो, फोनचं लोकेशन चालू असेल तर. इमारतीच्या फोटोंना त्याने काही बिघडत नाही, पत्ता तर आपण मेलमध्येच लिहितो. पण याच पद्धतीने नातवंडांचे फोटो अनोळखी माणसांना जाणार असतील तर आयफोनवर शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करा. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन बंद ठेवणं सोपं.

पाणी टपकतानाचा व्हिडिओ मेलला जोडायच्या फंदात पडू नका. तो ड्राइव्हवर टाका, लिंक असणाऱ्या कुणालाही बघता येईल अशी परवानगी द्या आणि लिंक मेलमध्ये चिकटवा. परवानगी द्यायची राहिली तर इंजिनिअर "रिक्वेस्ट ॲक्सेस" दाबून बसतात आणि तो मेल तुमच्याकडे न वाचलेला पडून राहतो. दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरे. थेंब पडतो की धार लागते एवढंच बघायचं असतं.

जुने जड मेल काढायचे असतील तर कंप्युटरवर जीमेल उघडा. सर्चपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक केलं की साइझचा रकाना मिळतो. तिथे 10 एमबीपेक्षा मोठे मेल शोधा, कामाचे फोटो उतरवून घ्या आणि मग डिलीट करा. डिलीट केलेले मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतात आणि तोवर जागा अडवतातच, त्यामुळे ट्रॅशही रिकामा करा.

मूळ फोटो मात्र फोनमधून पुसू नका. पेन ड्राइव्हवर किंवा कंप्युटरवर फ्लॅट नंबराच्या फोल्डरमध्ये ठेवा, निदान वॉटरप्रूफिंगची हमी संपेपर्यंत. हमीच्या मुदतीत तीच भेग पुन्हा उघडली तर कंत्राटदाराला आधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी दाखवायचे असतात, आणि तेव्हा 400 केबीची प्रत पुरत नाही.